तक्त्यातली दोन शून्यं

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, रविवारच्या मित्रांना नाही, ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल, तर बहुधा एका तक्त्यामुळे. त्या तक्त्याबद्दलच बोलायचं आहे.

पण एकदम मुद्द्यावर यायला जीभ वळत नाही. आधी थोडी फुशारकी मारू द्या. ती मारल्याशिवाय माझा गुन्हा केवढा होता हेही तुम्हाला कळायचं नाही. शिवाय खरं सांगू का – मला ती मारायला आवडते.

मी निपाणीचा. एकतीस वर्षं या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात वाहन यार्डाचा सुपरवायझर होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. ऊस वाहणारे ट्रॅक्टर, ट्रक, ट्रेलर – सकाळी किती बाहेर पडले, किती वाटेत बसले, किती दुरुस्त झाले, हे बघणं माझं काम. आणि छंद? छंद युद्धखेळांचा. म्हणजे मोठा नकाशा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि फासे. एकेक सोंगटी म्हणजे सैन्याची एकेक तुकडी. खरी घडलेली लढाई घ्यायची आणि ती पुन्हा लढून बघायची. कुणाकडे काय होतं, कुठे होतं, केव्हा आलं, हे सगळं ठरवून देणाऱ्या आराखड्याला सिनॅरिओ म्हणतात. तो रचणारा माणूस वेगळा लागतो. मी तो आहे. आमच्या भागात तर मी एकटाच आहे.

आम्ही पाच जण दर रविवारी एका मित्राच्या जुन्या तंबाखूच्या वखारीत जमतो. वखार कधीच रिकामी झाली, पण जमिनीत तंबाखू मुरलेली आहे. नकाशा पसरला की तासभर सगळे शिंकतात, मग सवय होते. एकदा एकाच्या शिंकेनं नदीकाठची अख्खी तुकडी उडाली होती. आम्ही ती हवाई हल्ल्यात गेली असं धरलं.

लोक विचारतात, निपाणीच्या माणसाला जर्मन रणगाड्यांचं काय पडलंय? जर्मनांचं मला काही पडलेलं नाही. ते ज्यासाठी लढले त्याची मला किळसच आहे, आणि आमच्या बेळगाव-खानापूरकडची कितीतरी माणसं त्यांच्याविरुद्ध आफ्रिकेत, इटलीत जाऊन लढली. काही परत आलीच नाहीत. मला ओढ होती ती रचनेची. कंपनीत रणगाडे बावीस – दोन कंपनी कमांडरच्या हाताशी आणि पाचपाचाच्या चार प्लाटून. पुढे युद्ध लांबलं तशा चार प्लाटूनच्या तीनच उरल्या, बावीसचे सतरा झाले, मग चौदा. अशा काही कंपन्या मिळून बटालियन, आणि तिच्यामागे वर्कशॉप, क्रेन, बंद पडलेले रणगाडे खेचून आणणाऱ्या ओढगाड्या, सुट्या भागांचे ट्रक. कितीतरी पुस्तकांत हे तक्ते छापलेले आहेत. सिनॅरिओ रचणारे ते उतरवून घेतात, खेळणाऱ्याला बावीस सोंगट्या देतात आणि म्हणतात – लढा.

मी यार्डातला माणूस. कागदावर बावीस गाड्या आहेत म्हणून सकाळी बावीस गाड्या फाटकातून बाहेर पडतील असं समजणारा आमच्या यार्डात एक दिवस टिकला नसता. एकीचा क्लच गेलेला असतो, एकीचा पंप, आणि एक गाडी तर सगळं ठीक असून केवळ हट्टानं सुरू होत नाही. मग रणगाड्यांचं काय वेगळं होणार? तेही लोखंडच.

म्हणून मी एक सिनॅरिओ रचला. एक जर्मन रणगाडा बटालियन, पूर्वेकडची आघाडी, हिवाळ्याचे दोन महिने. एक दिवस म्हणजे एक डाव. दर डावाच्या सुरुवातीला खेळणाऱ्यानं तक्ता बघायचा – आज किती रणगाडे सुरू झाले, किती दोन-चार दिवसांच्या दुरुस्तीला गेले, किती लांबणीवर पडले, आणि वर्कशॉपमधून किती परतले. शत्रूशी लढायचं ते नंतर. आधी स्वतःच्या गाड्यांशी. त्याला नाव दिलं ‘बावीसपैकी किती?’ परदेशातल्या एका छोट्या प्रकाशकानं ते पुस्तिका करून छापलं.

आणि काय कौतुक झालं! कॅनडातल्या एका निवृत्त रणगाडा अधिकाऱ्यानं लिहिलं की, या खेळात पहिल्यांदाच मला खरोखरचा थकवा आला. कुणीतरी लिहिलं, हे आकडे कल्पनेतून येणं शक्य नाही, यांना वर्कशॉपमधल्या ग्रीसचा वास येतो. त्यानंतर जर्मन रणगाड्यांच्या रचनेवर इंटरनेटवर कुठेही वाद झाला की कुणीतरी माझा तक्ता पुढे करायचा. निपाणीतल्या माझ्या खोलीत बसून मी ते वाचायचो. एकटाच हसायचो. अजूनही आठवलं की छाती फुगते – काय करू, फुगते.

ग्रीसचा वास येणारच. तो तक्ता माझ्या यार्डातल्या वहीतला होता.

झालं, सांगितलं. अर्धं सांगितलं.

गळीत हंगामात मी रोज एका वहीत नोंदी करायचो. ऊसतोडीची कोणती टोळी, किती ट्रॅक्टर चालू, किती उभे, किती लांबणीवर, किती दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर. सिनॅरिओ रचताना रोजच्या रोज बंद पडणाऱ्या रणगाड्यांचे आकडे मला कुठेच मिळेनात. म्हणून तात्पुरते म्हणून मी एका हंगामातले दोन महिने उचलले. टोळीच्या जागी प्लाटून लिहिलं, ट्रॅक्टरच्या जागी रणगाडा. खरे मिळाले की बदलू, असं म्हटलं. पण खेळून बघितलं आणि हरखून गेलो. इतकं खरं दुसरं काही असूच शकत नव्हतं. अवकाळी पावसानंतर काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर आणि रशियाच्या चिखलात रुतलेला रणगाडा यांचं दुखणं एकच. मला आकडे बदलवेनात.

मग प्रकाशकाचं पत्र आलं – हे आकडे कुठून घेतले? खरं लिहिता आलं असतं. ‘कर्नाटकातल्या एका साखर कारखान्याच्या यार्डातून, अंदाज म्हणून.’ काय बिघडलं असतं? कदाचित लोक अजून जास्त खूश झाले असते. पण मला भीती वाटली की हसतील. निपाणीचा ट्रॅक्टरवाला म्हणतील. मी लिहिलं, ‘एका जर्मन रणगाडा बटालियनच्या वर्कशॉपची रोजनिशी; खासगी संग्रहातली प्रत.’ एक ओळ. समोरचा चहा निवायच्या आत लिहून झाली होती.

त्या तक्त्यात दोन शून्यं होती. ‘दुरुस्त होऊन परतलेले’ या रकान्यात एरवी रोज काही ना काही आकडा आहे – दोन, तीन, निदान एक. फक्त दोन दिवस शून्य, आणि त्या दोन दिवसांत महिनाभराचं अंतर. अमेरिकेतल्या एका गृहस्थानं त्यावर लांबलचक लेख लिहिला. त्याचं म्हणणं, महिन्यातून एकदा जर्मन वर्कशॉप सगळं काम थांबवून सुट्या भागांची मोजदाद करत असावं. यातून त्यांची शिस्त दिसते. मी उत्तर दिलं – ‘शक्य आहे.’

त्या शिस्तीचं नाव परसू. आमचा हेडफिटर. लोहाराच्या घरातला. अमावास्येला पाना उचलायचा नाही, हा त्याच्या घरचा नेम, आणि त्याच्यामुळे सगळ्या यार्डाचा. त्या दिवशी गाड्या धुवायच्या, नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बदलायची – चालत असेल ती गाडी चालेल, पण बिघडलेल्या गाडीला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी त्याच्याशी भांडून बघितलं. तो म्हणाला, ‘‘नोकरीवरनं काढा साहेब. पाना न्हाय उचलणार.’’ मी काढलं नाही. त्याच्यासारखा फिटर मला कुठे मिळणार होता? तो पुढं सगळ्यांबरोबर मला अण्णा म्हणायला लागला आणि मीही अमावास्येला नारळ आणायला लागलो. जर्मन शिस्तीवरचा तो लेख त्याला वाचून दाखवता आला नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

इथपर्यंत तुम्ही हसलात तर मला चालेल. मीसुद्धा हसतो. एवढंच असतं, तर हे लिहायला बसलोच नसतो.

आता आप्पांबद्दल सांगतो.

आप्पा निवृत्त सुभेदार. जांबोटीकडच्या डोंगरातलं गाव. लहानपणी बस चुकली की पावसात चालत जायचं, अशातले. तिथून फौजेत गेले, आणि सगळी नोकरी रणगाड्यांवर काढली – आधी ड्रायव्हर, नंतर देखभालीवर. आता बेळगावात कॅम्पात राहतात. वयानं माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे, तरी यार्डातल्यांचं ऐकून मला अण्णाच म्हणतात. दर रविवारी पहिल्या बसनं निपाणीला येतात, हातात स्टीलचा डबा. वखारीत पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना कंपनी, प्लाटून, बटालियन सगळं समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आमच्यात ह्याला स्क्वाड्रन म्हणत्यात. ते कंपनी म्हणत्यात व्हय? म्हणंनात का. सकाळी सुरू व्हत्यात काय, ते बोला.’’ त्या क्षणी हा माणूस माझा झाला.

आप्पा खोटं बोलत नाहीत. म्हणजे तत्त्व म्हणून वगैरे नाही, त्यांना ते जमतच नाही. एकदा ते जिंकायच्या अगदी काठावर होते. फासा टाकला, सहा पडले, पूल हातात आला. आम्ही सगळे हळहळलो. आप्पा म्हणाले, ‘‘थांबा, फासा माझ्या डब्याला लागून उलटलाय. तुमी बघिटला न्हाय.’’ पुन्हा टाकला, एक पडला, हरले. आणि डबा उघडून आम्हाला लसणाची चटणी वाढली. असा माणूस.

मी त्यांना एकदा यार्डही दाखवलं होतं. हंगाम चालू होता. ते प्रत्येक ट्रॅक्टरपाशी थांबले, परसूशी अर्धा तास बोलले, माझ्या टेबलाशी बसून चहा प्यायले. टेबलावर ती वही होती. मी ती कधी लपवली नाही. लपवायची कशाला? ती ट्रॅक्टरची वही होती.

मग तो इंग्रज आला. म्हणजे खरा नाही, इंटरनेटवर. युद्धखेळ खेळणाऱ्यांचं एक संकेतस्थळ आहे, जगभरातले लोक तिथे लिहितात. माझं नाव तिथे मानाचं होतं. हा गृहस्थ आयुष्यभर जुनी लष्करी कागदपत्रं चाळत बसलेला, अत्यंत सभ्य. त्यानं लिहिलं, आपला तक्ता अप्रतिम आहे. ही रोजनिशी कोणत्या बटालियनची, आणि तिचं एखादं पान बघायला मिळेल का?

मी उत्तर दिलं नाही. एक दिवस, दोन दिवस. रोज सकाळी उघडून बघायचो आणि बंद करायचो. लोक लिहू लागले – लेखक गप्प का? कुणी म्हणालं, आजारी असेल. कुणी म्हणालं, रोजनिशी असेल तर दाखवेल की. पाच दिवस मी मूग गिळून बसलो. काय चाललं होतं माझ्या मनात? खरं सांगावं असं वाटत होतं? नाही. खोटं बोलत नाही मी आता. मी फक्त एवढाच विचार करत होतो की माझा तक्ता कसा वाचवता येईल.

सहाव्या दिवशी दुपारी मी संकेश्वरच्या बसस्टँडवर होतो. फोन उघडला, तर त्या चर्चेत नवीन मजकूर – आप्पांचा. आप्पा तिथे कधी लिहीत नसत. एका बोटानं टाइप करायला त्यांना तासभर लागला असणार. फौजेतलं इंग्रजी, सरळ आणि ताठ. त्याचा अर्थ असा – ‘मी निवृत्त सुभेदार. रणगाड्यांवर सेवा केली आहे. ही रोजनिशी मी माझ्या मित्राच्या टेबलावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. सैनिकाचा शब्द देतो.’

बस आली, गेली, मी बाकड्यावरच. रोजनिशी नव्हतीच, तर त्यांनी पाहिली कशी? मला वाटलं, बिचाऱ्यांचा माझ्यावर इतका विश्वास आहे की न पाहिलेलीही पाहिली म्हणाले.

इंग्रजानं नम्रपणे विचारलं, ‘सुभेदारसाहेब, प्रत हातानं लिहिलेली होती की टाइप केलेली?’ आप्पांनी लिहिलं, ‘हातानं. निळी शाई.’ ‘रकान्यांची जर्मन नावं काय होती, आठवतं का?’ यावर आप्पांकडून काही आलं नाही. आणि मग लोक तुटून पडले. निळी शाई, वा! कुणी लिहिलं, म्हाताऱ्या सैनिकांना न झालेल्या लढायाही आठवतात. कुणी हसणारी चित्रं टाकली. सैनिकाचा शब्द – त्या शब्दाची खिल्ली उडत होती, आणि ज्याच्यासाठी तो दिला गेला तो बसस्टँडवर बसून वाचत होता.

आता सांगतो. इथवर फिरत फिरत आलो ते याच्यासाठीच.

मी त्या दिवशी घरी जाऊन लिहिलं. आप्पांचं नाव घेऊन लिहिलं. शब्द मला पाठ आहेत – ‘माझे मित्र वयस्कर आहेत. अलीकडे त्यांची थोडी गल्लत होते. माझ्याकडची प्रत आमच्या नदीच्या पुरात गेली. त्यांनी बहुधा दुसरेच काही पाहिले असावे. कृपया त्यांच्या वयाचा मान राखून विषय इथेच थांबवावा.’

बघा, किती सभ्य. किती समजूतदार. खोटं माझं, आणि खुळे ठरले आप्पा.

आणि ते चाललं! इंग्रजानं माफी मागितली. त्यांच्या वयाची कल्पना नव्हती, म्हणाला. ज्यांनी हसणारी चित्रं टाकली होती त्यांनी ती काढून टाकली. एकानं स्वतःच्या वडिलांच्या विसराळूपणाबद्दल फार हळवं लिहिलं, आणि त्याखाली बऱ्याच जणांनी आपापल्या वडिलांबद्दल लिहिलं. रोजनिशी पुरात गेली याबद्दल मला सहानुभूती मिळाली. माझा तक्ता वाचला. त्या दिवशी मला काय वाटलं, तेही सांगतो – सुटलो असं वाटलं. लाज नंतर आली, बरीच नंतर.

पुढच्या रविवारी आप्पा येतील का, याची मला धाकधूक होती. आले. पहिल्या बसनं, डबा घेऊन. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, त्यांनी माझं ते वाचलंच नसेल. एकदा लिहिलं आणि पुन्हा उघडलं नसेल. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

एक गोष्ट मात्र बदलली. त्या रविवारपासून आप्पा खेळ सुरू व्हायच्या आधी नकाशाशी उभे राहून सगळी मांडणी तोंडपाठ म्हणून दाखवू लागले. बटालियन मुख्यालयापासून सुरुवात. मग पहिली कंपनी, पहिली प्लाटून, इतके चालू, इतके वर्कशॉपला, कुठल्या घरात उभे. मग दुसरी प्लाटून. असं करत शेवटच्या ओढगाडीपर्यंत. मागच्या रविवारी आम्ही डाव जिथे सोडला होता तिथली प्रत्येक सोंगटी. कागद न बघता, हात मागे बांधून. कुणी सांगितलेलं नसताना. आम्ही म्हणायचो, आप्पांना नवीन हौस लागली. वखारवाला मित्र तर टाळ्या वाजवायचा. मीही वाजवल्या आहेत.

सहा वर्षं हे चाललं. सहा वर्षं दर रविवारी मी ते ऐकलं आणि मला काही कळलं नाही. एवढे तक्ते वाचणारा मी!

यंदा प्रकाशकाचं पत्र आलं. ‘बावीसपैकी किती?’ची नवी आवृत्ती काढायची आहे, नवी प्रस्तावना लिहून द्या. मला आनंद झाला – झालाच. वखारीत सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी पाठ थोपटली, आप्पांनीही. मग त्या आनंदात तोच खेळ पुन्हा मांडायचा असं ठरलं. काही रविवार गेले. एकदा दुपारी बाकीचे तिघं चहाला बाहेर गेले होते. मी आणि आप्पा दोघंच नकाशाशी. पुढचा डाव आप्पांचा. त्यांनी तक्त्याकडे हातसुद्धा नेला नाही.

‘‘आज वर्कशॉपातनं काय यायचं न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आज तुमचा परसू पाना उचलत न्हाय.’’

मी हातातली सोंगटी खाली ठेवली. ती कुठल्या घरात ठेवली ते मला आठवत नाही. आप्पांना आठवत असेल.

मी विचारलं, ‘‘आप्पा, तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘पयल्याच खेळाला. दोन शून्यं, मधी बरुबर महिना. म्हटलं, जर्मन कवापास्नं आमोशा पाळाय लागलं?’’ ते थोडं हसले. ‘‘मग तुमच्या यार्डात आलतो. वही बघिटली. निळ्या शाईत सगळं वळणदार लिवलंय तुमी. लई झ्याक वही.’’

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. ती ओळ खोटी आहे हे माहीत असून त्यांनी शब्द दिला होता. फासा डब्याला लागला म्हणून जिंकलेला पूल परत करणाऱ्या माणसानं.

‘‘मग तुम्ही तसं का लिहिलंत?’’

‘‘तुमी गप बसलता न्हवं. पाच दिस.’’ आप्पा सोंगट्या सरळ करत होते, त्यांना वाकडी सोंगटी खपत नाही. ‘‘आपला माणूस गप बसल्यावर कुणीतरी बोलाय पायजे.’’

मी म्हणालो, नव्या प्रस्तावनेत खरं लिहितो. यार्ड, परसू, सगळं. पण तसं केलं तर जग म्हणेल की सुभेदारांनी खोटा शब्द दिला. हे मी खरंच त्यांच्या काळजीनं म्हणालो, की पुन्हा एकदा स्वतःला वाचवायला आडोसा शोधत होतो? मला नक्की सांगता येत नाही.

आप्पांनी शेवटची सोंगटी सरळ केली.

‘‘लबाड म्हणू देत. केलीच हाय की लबाडी, मोजून-मापून केलीय. तेचं काय न्हाय.’’ मग माझ्याकडे बघितलं. ‘‘पर अण्णा, तुमी मला खुळा म्हणायचं न्हवतं.’’

म्हणजे माझं ते त्यांनी वाचलं होतं, त्या पहिल्या रविवारच्या आधीच. बाहेरून बाकीचे आले, त्यांच्यातला एक दारातच शिंकला, आणि आप्पांनी डाव पुढे चालू केला.

प्रस्तावना लिहून झाली आहे. त्यात वही आहे, ट्रॅक्टर आहेत, अमावास्या आहे, परसूचं नाव आहे. प्रकाशक छापेल की पुस्तिकाच मागे घेईल, मला माहीत नाही. त्या संकेतस्थळावरही मी तेच लिहून टाकलं आहे, त्या इंग्रजाच्या प्रश्नाच्या खाली, सहा वर्षं उशिरा. तक्त्याचा मला अजूनही अभिमान आहे. तो कमी झालेला नाही, आणि कमी झाला असं मी म्हणणार नाही. आमच्या यार्डातले दोन महिने जगभरातले लोक रणगाडे समजून खेळले आणि त्यांना ते खरे वाटले. ते खरेच होते. मी सांगितलेली जागा खोटी होती.

पण हे सगळं मी मराठीत, इथे, आपल्या माणसांत का लिहितोय? कारण आप्पा इंग्रजी संकेतस्थळावर राहत नाहीत. ते कॅम्पात राहतात, निपाणीच्या बसमध्ये बसतात, आणि त्यांना ओळखणारी माणसं हे वाचतील. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. सुभेदार आप्पांची कसलीही गल्लत झाली नव्हती. तेव्हाही नाही आणि आजही नाही. त्यांनी पूर्ण शुद्धीत, विचार करून, आपला शब्द माझ्यासाठी खर्च केला. तो मित्र मला मिळाला याचा जेवढा गर्व मला आहे तेवढा त्या तक्त्याचाही नाही. आणि मी जगासमोर त्यांना खुळं ठरवलं – घाबरून, सभ्य भाषेत, एका संध्याकाळी.

गेल्या रविवारीही खेळाआधी ते नकाशाशी उभे राहिले. हात मागे बांधून बटालियन मुख्यालयापासून शेवटच्या ओढगाडीपर्यंत सगळं म्हटलं. मी हातात यादी घेऊन शब्द न् शब्द पडताळून बघितला. एकही गाडी चुकली नाही.